हिरव्या पाकिटाखालचा संगणक

जर्मनीतल्या हानोव्हरहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं, हातानं लिहिलेलं होतं. टीलमान नावाच्या गृहस्थांनी आमचा राउटर विकत घेतला होता. सोबतच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलं होतं, की या पत्त्यावर लिहून कळवल्यास आतल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड पाठवू. तो पाठवावा, एवढीच त्यांची विनंती होती.

पुस्तिका मीच लिहायचो, तेव्हा ते पान माझं. म्हणजे आधीच्या पुस्तिकेतून मी उतरवलेलं. फक्त खाली तैवानातल्या चुंगहोच्या आमच्या कारखान्याचा पत्ता आणि माझं नाव घातलं होतं. कुणी खरंच काही मागेल असं मनातही आलं नव्हतं. कुणाला विचारायचं धाडस होईना, म्हणून पत्र शब्दकोशाखाली सारलं आणि ते तिथे नाहीच असं वागत राहिलो.

नववर्षाच्या सुट्टीनंतर त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत पूर्ण सोर्स कोड मिळाला नाही तर जर्मनीतली विक्री कोर्टातून थांबवू. आमचा माल तेव्हा जहाजावर होता. तो परत आला असता तर कारखान्याला टाळंच लागलं असतं.

मालक को साहेबांनी मला आणि पेइ-जुंगला आत बोलावलं. आमच्याकडे उरलेली सॉफ्टवेअर इंजिनिअर ती एकटीच.

"यूदादा, हे वचन कुणी दिलं?"

"जुन्या पुस्तिकेत होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच धड ऐकू आला नाही.

"जुन्या पुस्तिकेत माझ्या सासऱ्यांचा फोटोही होता. तो बरा नाही उतरवलात."

"दादांनी लिहिलं नसतं तरी द्यावंच लागलं असतं, साहेब," पेइ-जुंग म्हणाली. "आत लिनक्स आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आपल्याला फुकट वापरू दिलं. अट एवढीच, की डबा ज्याला विकाल त्याला त्यातला कोडही मिळाला पाहिजे, आपण केलेल्या बदलांसकट."

"मग चिपवाल्यांनी दिलेलं कोडचं गाठोडं पाठवून टाक."

"ते आपल्या डब्याशी जुळत नाही. अ-हुंगनं नोकरी सोडण्याआधी त्यात बरेच बदल केलेत. ते फक्त कोपऱ्यातल्या संगणकात आहेत."

त्या संगणकाला कोणी हात लावत नसे. मागे एकदा त्यावरून प्रत घेताना तो गोठला होता, आणि अख्खा हंगाम हातचा गेला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यावर क्वाइ-क्वाइचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. हा मुलांचा खाऊ. नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. यंत्रं नीट चालावीत म्हणून तैवानात तो त्यांच्यावर ठेवतातच, आणि हिरवाच, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. यंत्र निमूट चालायचं, आम्ही त्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणायचो, आणि प्रत घ्यायचं नाव कोणी काढायचं नाही.

"जर्मनीत बसून कोण जुळवून बघतंय?" को साहेब म्हणाले. "दादा, गाठोड्यावर सही करा. नाव तुमचंच छापलंय."

वकिलाची भीती होती, साहेबांची होती. पण माझ्या नावाचा खोटा कागद परक्या देशात कुणाच्या तरी टेबलावर पडून राहील, ही भीती त्याहून मोठी निघाली.

"सही करीन," मी म्हणालो, "पण अ-हुंगचा कोड असेल तर."

"आणि तो संगणक मेला तर पुढचा माल तुमच्या शब्दकोशावर बनवायचा का?"

खिशातलं पेन काढून मी टेबलावर ठेवलं. साहेबांनी पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेइ-जुंगला म्हणाले, "कर सुरू."

दुपारी तिनं प्रत घ्यायला सुरुवात केली. मी शेजारी उभा राहिलो, कशासाठी ते सांगता येणार नाही. तिनं पाकीट उलटून पाहिलं आणि हळूच परत ठेवलं.

"मुदत संपलीय. कोण बदलायचं हे?"

"अ-हुंग."

साहेब स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात धावले आणि पिवळं पाकीट घेऊन आले.

"पिवळं नाही चालत, साहेब," पेइ-जुंग म्हणाली.

"हिरवं संपलंय तिथं."

"मग हे लपवा. त्याला दिसायला नको."

एवढ्यात संगणकाच्या पोटातून टक-टक आवाज यायला लागला. आधी थांबून थांबून, मग सलग. प्रत किती झाली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ पुढे सरकेना. पेइ-जुंगनं कीबोर्डवरून हात उचलून मांडीत घट्ट धरले. साहेबांनी पाकीट पाठीमागे धरलं होतं. त्याचा चुरचुर आवाज येत होता. हे सगळं माझ्या एका हट्टापायी चाललं होतं. आता थांबवा म्हणावं, गाठोड्यावर सही करून टाकावी, असं ओठांवर आलं. रेघ हलली. पुन्हा थांबली. पुन्हा हलली, आणि टोकाला पोचली.

टक-टक चालूच राहिली. मग आतून घासल्यासारखा एक आवाज आला आणि पडदा काळा झाला. तो संगणक पुन्हा सुरू झाला नाही.

पेइ-जुंगनं उतरवलेल्या कोडपासून स्वतःच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर बांधलं आणि ते एका नव्या डब्यात भरलं. डब्याचे दिवे लागेपर्यंत आम्ही तिघंही उभेच होतो. दिवे लागले.

"म्हणजे आता एक प्रत तिच्याकडे, आणि एक जर्मनीत जाणार," को साहेब कपाळ पुसत म्हणाले. "रजिस्टर्डनं पाठवा, दादा. हरवलं तर मी तुम्हालाच पाठवीन."

टीलमानना लिहिताना मी चार कागद फाडले. शेवटी उशिराबद्दल क्षमा मागितली, कोड कसा बांधायचा ते पेइ-जुंगच्या शब्दांत लिहिलं, सही केली, आणि कोडची सीडी सोबत घातली. एवढ्यानं वकील थांबेल का, माल उतरेल का, काहीच ठाऊक नव्हतं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट माझ्याकडून घ्यायला हात पुढे केला, तर माझी बोटं सुटेनात.

"आजोबा, पाठवायचंय ना?"

"हो," मी म्हणालो, आणि सोडलं.