मधला तुकडा

टायपिंगच्या खोलीत सगळ्याजणी तिला मास्तरीणबाई म्हणत. इस्पितळातले डॉक्टर रिपोर्ट इंग्रजीत बोलून ठेवत, या बायका हेडफोन लावून ते टाइप करत, आणि सारख्या उच्चाराचा शब्द आला की अडून बसत. 'वेट' म्हणजे वजन की वाट बघणं? 'वीक' म्हणजे आठवडा की अशक्त? स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा, कानाला मात्र दोन्ही सारखेच. मग हाक यायची, "मास्तरीणबाई, सांगा!" साहेबांनी घोळ घालून ठेवायचा आणि निस्तरायचा आपण, असं पुटपुटत ती मान वर न करता सांगायची.

खोलीचा नियम कडक होता. प्रत्येक रिपोर्टचे तीन तुकडे करून तीन टेबलांवर वाटायचे, पेशंटचं नाव काढून टाकायचं. कुणाचं दुखणं कुणाला कळायला नको. शेजारणीचा तुकडा विचारायचाही नाही.

त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रंगारी नवरा कधीपासून खोकत होता. काल एकदाचा तपासून आला आणि म्हणाला, "ठणठणीत आहे गं मी. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." बोलताना त्याने नजर चुकवली, ते तिला डाचत होतं.

दुपारी एका रिपोर्टचा मधला तुकडा तिच्या वाट्याला आला. 'वेट', इथे वजन, बरंच घटलेलं. 'वीक', इथे अशक्त. बोटं सवयीने चालली होती. पुढे डॉक्टर म्हणाले, काम रंगाऱ्याचं, उजव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण, शिडीवरून पडल्याची. तिची बोटं जागच्या जागी थांबली. ते टाके घालताना तीच त्याचा हात धरून बसली होती.

तुकडा तिथेच संपला. आजार काय, ते पुढच्या तुकड्यात होतं, आणि तो शेजारच्या टेबलावर बडबडीच्या कानात वाजत होता. काम करतानाही जिच्या तोंडाचा पट्टा बंद नसे, ती बडबडी आज गप्प होती.

बडबडीने हेडफोन काढून ठेवला.

"काय म्हणतायत गं डॉक्टर?" मास्तरीणबाईने विचारलं.

"अगंबाई, तुम्ही नियम मोडताय?" बडबडीने आवाज खाली आणला. "फुप्फुसं पार गेलीयत हो त्याची. पुढचा उन्हाळा काही बघत नाही तो. आणि बायकोला कळू देऊ नका म्हणून विनवण्या केल्यात म्हणे. त्या बिचारीला पत्ताही नाही बघा."

"कळलं तिला," मास्तरीणबाई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.