रिकामा चौकोन

मिसेस गॉसेटनी संगणकाचा पडदा मुलीकडे वळवला आणि नखाने काचेवर टकटक केले. अर्जाची सगळी पाने भरलेली होती, फक्त शेवटच्या पानावर एक लहानसा चौकोन रिकामा होता.

“इथे खूण करायची राहिलीय, बाळा.”

“राहिली नाही,” मुलगी म्हणाली. “मी केली नाही.”

मिसेस गॉसेट सगळ्यांनाच बाळा म्हणत. चारशे दहा मुलांची नावे लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोपे पडे, शिवाय पालकांना त्यात माया दिसे. समोरच्या मुलीचे नाव ब्रेना स्टिडम आहे, हेही त्यांनी आत्ताच पडद्यावर वाचले होते. पोरगी बारावीची, अंगात भावाचे असावे असे जाकीट, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. टेबलावरच्या बशीतल्या पेपरमिंटच्या गोळीला तिने हात लावला नव्हता.

चौकोनाशेजारची ओळ तशी साधी होती. शाळेची समुपदेशक, म्हणजे इथे मिसेस गॉसेट, मुलासाठी शिफारसपत्र लिहिते आणि ते थेट कॉलेजकडे जाते. ते कधीतरी वाचण्याचा मुलाला कायद्याने हक्क असतो, आणि चौकोनात खूण केली की तो हक्क त्याने सोडला असे होते. त्यांच्या तेवीस वर्षांच्या नोकरीत हजारो मुलांनी मुकाट्याने खूण केली होती. ती ओळ काय म्हणते हे त्यांतल्या निम्म्यांना विचारले असते तरी सांगता आले नसते. आणि ही कोण कुठली स्टिडमांची मुलगी, हिने ओळ वाचली होती.

मिसेस गॉसेटनी समजावले. मुलगा पत्र वाचणार असेल तर कॉलेजवाले त्या पत्रावर विश्वास ठेवत नाहीत, तोंडदेखले कौतुक केले असे त्यांना वाटते. त्यातून हा अर्ज काही साधा नव्हता. व्हर्जिनियातले ते जुने कॉलेज केंटकीच्या प्रत्येक डोंगरी तालुक्यातून दर वर्षी एकच मूल घेई आणि त्याला चार वर्षे फुकट शिकवी, राहण्याजेवणासकट. शुक्रवारी अर्ज बंद होणार होते. समुपदेशकाचे पत्र नसेल तर अर्ज उघडलाही जात नसे.

ब्रेनाने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, “मला आवडणार नाही असं काही लिहिणार आहात का?”

“छे, तसं कशाला लिहीन मी?”

“मग मी वाचलं तर काय बिघडलं?”

उत्तर नसलेला प्रश्न विचारणाऱ्याचा मिसेस गॉसेटना राग येई. गणितात चार गुण बरे पडले की या मुलांना शिंगे फुटतात, असे त्यांच्या मनात आले. उद्या बघू, असे म्हणून त्यांनी तिला वर्गात पाठवले.

मुले म्हणजे तीन ढीग, असा त्यांचा हिशेब होता. काही कसेही करून कॉलेजात जाणारच असतात, त्यांना सांगायचे काय? काही कसेही करून जाणार नसतात, त्यांना तरी सांगायचे काय? आणि उरलेली रडायला येतात, त्यांच्यासाठी कागदी रुमालांचा डबा असतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा त्यांचा आवडता सल्ला होता, आणि मुलांची अंथरुणे किती लांब आहेत ते त्याच ठरवत. खोलीच्या भिंतीवर मात्र देशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या तिकोनी पताका ओळीने लावल्या होत्या. त्यांतल्या एकाही ठिकाणी या शाळेतले कोणी गेले नव्हते.

पत्रांचेही तसेच. त्यांच्याकडे तीन पत्रे होती. एक, ज्यांचे आईबाप शाळेच्या समितीवर असत त्यांच्यासाठी, त्यात ‘नेतृत्व’ हा शब्द चारदा होता. दुसरे खेळाडूंसाठी. तिसरे, ज्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशांसाठी, आणि त्याचीच सर्वांत जास्त गरज पडे. ब्रेनाचे पत्र सोमवारीच तयार झाले होते. जुन्या पत्रातले नाव बदलायला चार मिनिटे लागली, मधे कॉफी आणायला उठल्या तेही धरून.

खरे तर मुलांची माहिती मिळावी म्हणून शाळेत एक कागद भरून घेत. त्याला सगळे फुशारकीचा कागदच म्हणत, कारण त्यात स्वतःचे होईल तेवढे कौतुक लिहायचे असे. ब्रेनाने त्यात दोन ओळी लिहिल्या होत्या: घरी मदत करते. गणित आवडतं. डोंगरातल्या घरांत आपल्या तोंडाने आपले गुण गाणे पापासारखे मानतात. मोठे झाल्यावर कुणी मार देत नाही, पण लहानपणी देतात. मिसेस गॉसेट स्वतः याच दरीत वाढल्या होत्या. दोन ओळींच्या मागे बरेच काही असते हे त्यांना पक्के माहीत होते, आणि ते विचारायचा त्यांना कंटाळा होता.

बुधवारी ब्रेना पुन्हा आली आणि पुन्हा नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, कारणही सांगितले नाही. मिसेस गॉसेटना ते जास्तच झोंबले. भांडणारी मुले त्यांनी खूप पाहिली होती आणि त्यांचे काय करायचे ते त्यांना येत होते. शेवटी त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

आई गुरुवारी आली. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती काम करी, सकाळच्या न्याहारीची भांडी आटोपून तशीच निघाली असावी. बाह्या अजून ओल्या होत्या. चाळिशीला टेकलेली, रुंद चेहऱ्याची बाई. बसा म्हणेपर्यंत ती उभीच राहिली आणि बसल्यावर तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली.

“मी टोन्या. टोन्या नेपियर होते तेव्हा. तुमच्याच हाताखालून गेले, मॅडम.”

“हो तर, आठवतंय ना,” मिसेस गॉसेट म्हणाल्या. त्यांना काडीचेही आठवत नव्हते.

ब्रेनालाही वर्गातून बोलावून घेऊन त्यांनी सगळा प्रकार सांगितला. सांगताना त्यांचा सूर दुखावलेला होता. आपण मुलीच्या भल्यासाठी जिवाचा आटापिटा करतो आहोत आणि मुलगी एका खुणेसाठी अडून बसली आहे, उद्या संधी हातची गेली तर शाळेला बोल लावू नका. टोन्या मान खाली घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती मुलीकडे वळली.

“कर खूण.”

“मम्मी...”

“मॅडमना कळत नाही आणि तुला कळतं का? त्या काय वाईट लिहिणार आहेत तुझं? कर म्हटलं ना.”

“तुझं तुझ्याजवळ आहे,” ब्रेना म्हणाली. “मला माझं हवंय. मला शंका नाहीये कसली. मला फक्त ते हवंय.”

टोन्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

“काय आहे तुमच्याजवळ?” मिसेस गॉसेटनी विचारले.

ते सांगायला टोन्याला वेळ लागला. तिच्या वेळी असे संगणकावर नव्हते. पत्र लिफाफ्यात घालून, चिकटवून, वरून सही करून मुलांच्याच हातात देत आणि ते अर्जाबरोबर टपालात टाकायचे असे. त्या वर्षी तिचे वडील खाणीतून आजारी होऊन घरी आले. अर्ज पाठवायचा राहून गेला. लिफाफा तेवढा उरला. परत आणून द्यायला हवा होता, पण तिने तो फोडला.

“चुकलंच माझं. फोडायचा नसतो ते माहीत होतं मला. एकवीस वर्षं झाली, तुम्हाला सांगेन सांगेन म्हणते. दुकानात दिसलात की दुसऱ्या रांगेत जाते मी.”

“त्याचं काय एवढं,” मिसेस गॉसेट म्हणाल्या. त्यांना आता हे संपावे असे वाटत होते.

“घरच्या बायबलमध्ये ठेवलंय. जन्ममृत्यू लिहितो ना आपण, त्या पानात. ही लहान असताना वाचून दाखवायचे हिला. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नाही, मॅडम. आधी नाही आणि नंतरही नाही.” ती ताठ बसली आणि चर्चमध्ये म्हणावे तशा आवाजात म्हणाली, “माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी शांत ताकद असलेली मुलगी मी क्वचितच पाहिली आहे. ती फार बोलत नाही, पण ती खोलीत आहे हे सगळ्यांना जाणवतं.”

पुढचे वाक्य मिसेस गॉसेटना पाठ होते. संधी द्या आणि ती तुम्हाला कधीही पश्चात्ताप करू देणार नाही. त्यापुढचेही पाठ होते. तिसरे पत्र असेच सुरू होई, आणि ब्रेनाच्या नावाने ते या क्षणी त्यांच्या पडद्यावर उघडे होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शिबिरात सगळ्यांना नमुन्यांची फाईल वाटली होती, त्यातून त्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले होते. ‘इतक्या वर्षांच्या नोकरीत’ हे शब्दही, नोकरीला वर्षे दोनच झालेली असताना. या शरद ऋतूतच ते सत्तेचाळीस मुलांच्या नावाने गेले होते. त्यांनी पडदा मालवला.

त्यांना पहिल्यांदा वाटली ती भीती. लाज नंतर आली, आणि आली तीही बेताचीच. मुलीने पत्र मागितले असते तर पहिल्या ओळीतच तिने ओळखले असते. मग आईच्या बायबलमधला कागद कुठल्या लायकीचा राहिला असता? सुदैवाने आई आपल्याच बाजूने आहे, असे वाटून त्यांना हायसे झाले, आणि त्या हायसे वाटण्याचीच त्यांना किळस आली.

“ब्रेना,” टोन्या म्हणाली, “माझं मी चोरून वाचलं. तू तसं नको करू. कर खूण.”

ब्रेनाने आईकडे पाहिले. मिसेस गॉसेटनी अर्जाचे पान उघडून दिले, तिने पुढे वाकून चौकोनात खूण केली आणि हात मांडीवर घेतला. तीन दिवस चाललेले प्रकरण पाच सेकंदांत मिटले. मिसेस गॉसेटना हवे होते ते झाले होते.

दोघी उठल्या. दाराजवळ ब्रेना थांबली.

“वाचणार नाही मी. पण एक सांगाल का? ते शांत ताकदीचं वाक्य माझ्यातही असेल?”

हो म्हणणे अगदी सोपे होते. खोटेही झाले नसते. मुलगी खूश होऊन गेली असती, आईचे डोळे भरून आले असते, आणि पत्र दुपारच्या जेवणाआधी रवाना झाले असते. मिसेस गॉसेटनी टेबलाची कड धरली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते तुझ्या आईचं आहे.”

ब्रेनाचा चेहरा उतरला. तिने ठीक आहे म्हणून मान हलवली आणि ती वर्गाकडे निघाली. टोन्या मागे रेंगाळली. तिने मिसेस गॉसेटचा हात आपल्या ओलसर हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“इतकी मुलं आली नि गेली,” ती म्हणाली, “पण कुठलं वाक्य कुणाचं, ते तुमच्या लक्षात आहे.”

ती गेल्यावर मिसेस गॉसेटनी दार लावून घेतले आणि पत्र उघडले. त्यांनी पहिले वाक्य पुसले. मग दुसरे, कारण तेही टोन्याने म्हणून दाखवले होते. मग तिसरे, चौथे, आणि तसेच खालपर्यंत. शेवटी वर मुलीचे नाव आणि तळाशी स्वतःची सही, एवढेच पडद्यावर उरले. अर्ज उद्या बंद होणार होते. त्यांनी घड्याळ पाहिले, मग ब्रेनाचा तो दोन ओळींचा कागद घेऊन त्या उठल्या आणि ब्रेना स्टिडम या तासाला कुठल्या वर्गात असते ते विचारायला बाहेर आल्या.