फोनवरची खाडी

आराखडा

उजाडायच्या आत उठणे. किनाऱ्यावर धावणे. घरी येऊन नाश्ता, मग मराठी वाचन, मग दोरीच्या उड्या (खालच्या मजल्यावरचे लोक इंडियाला गेले की). दुपारी टीव्ही बंद. संध्याकाळी सायकल. दर शुक्रवारी (सुट्टीचा दिवस) बाबा साईला पोहायला शिकवणार.

शेवटचं वाक्य रमणच्या बायकोने, प्रेमाने, लाल पेनाने लिहिलं आणि कागद फ्रिजवर लावला.

"बघून घ्या," ती रमणला म्हणाली. "काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

रमणने नीट वाचलं. "दोरीच्या उड्या नकोत. पोरांचे गुडघे दुखतात."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

आणखी होतं. रमणला पोहता येत नव्हतं.

आराखड्यामागचं

एसी दुरुस्तीच्या कंपनीतल्या सुपरवायझरने मस्कतमध्ये जूनची रजा मागणं म्हणजे नवरदेवाने मुहूर्तावर डुलकी काढण्यासारखं. म्हणून दर वर्षी शाळा बंद झाली की प्रेमा उर्वीला आणि साईला घेऊन देवगडकडे, सासरी जायची. रमण अल् घुब्रातल्या फ्लॅटमध्ये एकटा उरायचा, डाळ-भात खायचा आणि फोन करायचा.

यंदा साईच्या वर्गात 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला दिलं होतं. साईने आई काढली, ताई काढली, स्वतःला काढलं आणि शेजारी एक टेलिफोन काढला. टेलिफोनला मिशा होत्या. बाईंनी त्यावर तारा चिकटवला.

प्रेमाने ते चित्र दोन दिवस कपाटावर उभं करून ठेवलं. मग म्हणाली, "या उन्हाळ्यात आम्ही इंडियाला जात नाही."

उर्वी तेरा वर्षांची होती. ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. साई नऊ वर्षांचा होता. तो जिना उतरून खाली गेला आणि भेटेल त्याला सांगू लागला, की त्याचे बाबा त्याला पोहायला शिकवणार आहेत. त्याचे बाबा, जे खाडी पोहून गेले होते.

फोन (मागच्या एका उन्हाळ्यातला, एकाच बाजूने ऐकू येणारा)

"हॅलो. हां, साई. जेवलास? … काय जेवलास? … हं. … नाही रे, इथे काही विशेष नाही. गरम आहे. … हो, खूप गरम. … … … हॅलो? आहेस ना? … मला? येतं की. खाडीकाठचा माणूस मी, मला नाही येणार तर कुणाला? … अरे, आख्खी खाडी. त्या काठापर्यंत. … भरतीला. … मगर? … होती ना एक."

त्या फोनबद्दल

काय जेवलास आणि किती गरम आहे, एवढं झालं की बापलेकाचं बोलणं संपायचं. पुढे नुसता तारेचा आवाज. पण मगर आली आणि पुढच्या आठवड्यात साई न बोलावता फोनपाशी येऊन बसला. "मग मगरीचं काय झालं?"

आठवडाभर पोराच्या एका वाक्याची वाट बघणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करायचं? रमणने मगरीला खाऊपिऊ घातलं. ती वाढली. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो भर पुरात डोक्यावर शिलाई मशीन घेऊन खाडी पार करत होता.

खरं म्हणजे लहानपणी तो एकदा धक्क्यावरून घसरला होता. तेव्हापासून त्याने ती खाडी होडीतूनच ओलांडली, तीही मधल्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी फळी धरून.

चाव्या (नुसते आवाज)

"रमणभाई, आप तो इधर ही हैं ना इस बार? बस, मनी प्लांट को पानी."

"गाडी हलवू नका, फक्त स्टार्ट करा. पाच मिनिटं. नाहीतर बॅटरी खलास."

"फिश आहेत. दिवसाला एक चिमूट. आणि टाकीत बर्फाचा एक खडा टाकायचा, नाहीतर त्यांचं कालवण होईल."

"काही नाही हो, दार उघडून फक्त बघायचं, सगळं आहे का."

"कुराणाच्या कपाटाजवळ एक तुळस आहे," वरच्या मजल्यावरची रुबिना म्हणाली. "तुमच्या प्रेमानेच दिलेली. मेली तर तिला तोंड कसं दाखवू? म्हणून तुम्हालाच सांगते."

इमारतीत उन्हाळ्याचा हाच रिवाज होता. जाणारा जायचा, राहणाऱ्याच्या हातात चावी ठेवायचा. दर वर्षी या चाव्या तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या मल्याळी जोडप्याकडे जायच्या. यंदा रमणने त्या मागून घेतल्या. जिन्यात उभं राहून घेतल्या. ज्यांना द्यायची नव्हती त्यांच्याकडूनही घेतल्या.

सगळ्या चाव्यांना गणेशोत्सवात मंडळाने वाटलेली एकसारखी किचेन होती. कुठली कुणाची, याच्या चिठ्ठ्या रमणने लावल्या नाहीत. घाई नव्हती.

पहिला शुक्रवार

"बाबा, चला."

"येतो रे. एवढी झाडं पाजतो."

चाव्या लागता लागत नव्हत्या. दुपार झाली.

दुसरा शुक्रवार

"बाबा."

"फिशचं पाणी बदलायचं आहे, बाळा. मुका जीव आहे."

तिसरा शुक्रवार

साईने विचारलं नाही. पोहायची चड्डी घालून तो टीव्हीसमोर बसला होता. टीव्ही बंद होता.

प्रेमाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा रमणकडे. मग चाव्यांचा जुडगा उर्वीपुढे टाकला. "याचं काहीतरी कर."

आराखडा, दुरुस्त केलेला

उर्वीने तिच्या नेलपॉलिशच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि चाव्या रंगवल्या. पहिला मजला लाल, दुसरा मोरपंखी, तिसरा चमकीचा. "नाऊ इव्हन बाबा कॅन डू इट," ती साईला म्हणाली.

लिफ्ट नेहमीसारखी बंद होती. पहाटे तिघं निघायची. साई पाण्याचे कॅन घेऊन जिने चढायचा, उर्वी दारं उघडायची, मासे मोजायची. प्रेमा लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली होती. ती खाली ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये बसायची, एकेक स्टार्ट करायची आणि आरशात बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची. जागचं न हलता तिने त्या महिन्यात चार गाड्या चालवल्या.

दिवसभराचं काम नाश्त्याच्या आत संपू लागलं. साईच्या पोटऱ्या टणक झाल्या.

"आता तुम्हाला शुक्रवार मोकळा," प्रेमा म्हणाली.

"वा," रमण म्हणाला.

मग तो कॉम्प्रेसरची वाट बघू लागला. आख्ख्या मस्कतमध्ये कुणाचातरी कॉम्प्रेसर जळावा, निदान गॅस उडावा, अशी मनापासून इच्छा करणारा तो एकटाच एसीवाला असावा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकही तक्रार आली नाही. त्याचा मोबाइल टीपॉयवर नुसता पडून होता. रमणने दोनदा उचलून बघितलं, चालू आहे का.

आणि मग वाजला.

"रमणभाऊ, मी बाबामियाँ. खाबुऱ्यावरनं. चिलर थंडच करत नाय. माल सगला सडंल. उद्या येता काय?"

बाबामियाँ मूळ रत्नागिरीकडचा. मस्कतपासून दोन तासांवरच्या खाबुऱ्याच्या बाजारात त्याचं भाजीचं दुकान होतं आणि बाजारामागची अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, बागही तोच बघायचा. रमणला त्या क्षणी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला तो थेट देवमाणसाचा.

"येतो म्हणजे? पहाटेच निघतो," रमण म्हणाला आणि फोन ठेवला. "काय करणार, प्रेमा. माल सडतोय माणसाचा."

"जायलाच हवं," प्रेमा म्हणाली. "आम्ही पण येतो."

"तिथे काय आहे? धूळ आहे."

"बाग आहे ना त्यांची," प्रेमा म्हणाली आणि मुलांचे टॉवेल पिशवीत भरू लागली.

खाबुरा

चिलरला काहीही झालं नव्हतं. मागच्या कंडेन्सरवर धुळीचा थर बसला होता. पाण्याचा पाइप धरला की संपलं.

रमणने पाइप धरला नाही. त्याने पंख्यावरची जाळी खोलली. पंख्याखालची पट्टी खोलली. जे स्क्रू कारखान्यातून आल्यावर कुणी बघितले नव्हते ते काढून बाबामियाँच्या ओंजळीत ठेवले.

"लय मोठं काम हाय काय?" बाबामियाँने काळजीने विचारलं.

"सांगता येत नाही."

साई टॉवेल गळ्यात घालून उंबऱ्यावर बसला होता. बाबामियाँची नातवंडं, सुफियान आणि मुस्कान, त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुझे अब्बा काय करतायत?" मुस्कानने विचारलं.

"चिलर रिपेअर. मग आम्ही स्विमिंग करणार. माझ्या बाबांनी एकदा मगरीला… मगरीच्या पाठीवरून… वॉट्स धिस, उडी मारली."

"खोटं."

"खरं. बाबा, सांगा ना."

रमणच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलताना त्याचं कोपर पाइपाच्या नळाला लागलं, पाणी उडालं, धूळ वाहून गेली आणि चिलर घरघरून थंड झाला.

"माशाल्ला," बाबामियाँ म्हणाला. "आता जेवायच्या आधी पोरांना टाकीवर नेऊ. यल्ला."

टाकी

खजुराच्या झाडांमध्ये सिमेंटची चौकोनी टाकी होती, बागेला पाणी द्यायची. विहिरीवरच्या पंपाने तिच्यात पाणी पडत होतं. सगळ्या ओमानात नळाला चहाचं आधण येत असताना हे पाणी गार होतं. मोठ्या माणसाच्या छातीइतकं खोल.

रमण काठावर उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

साई वर बघत होता. सुफियान आणि मुस्कान बघत होती. उर्वी बघत नसल्यासारखं करून बघत होती. प्रेमा लिंबाच्या झाडाखाली बसली होती.

बाबामियाँची बायको अमीरुन्निसा घरातून आली. एका हातात रिकामी निळी बाटली, पिण्याच्या पाण्याची, पाच गॅलनवाली, दुसऱ्या हातात सुंभ.

"आमच्याकडं डबा बांधीत," ती साईला म्हणाली. "हितं बाटली. पाठ कर इकडं. ही पाठीला आसली की बुडायचं म्हटलंस तरी बुडनार नाय."

तिने साईला बाटली बांधली. साई कासवासारखा दिसू लागला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी रेडी आहे," तो रमणला म्हणाला. "पहिले तुम्ही जंप करून दाखवा. खाडीसारखं."

पंपाचं पाणी पडत राहिलं. रमणला कुणाचाही फोन आला नाही.

"चाची," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "चाची, आणखी एक बाटली आहे का?"

"कुनाला?"

"मला."

मुस्कान खुदकन हसली. अमीरुन्निसाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि काही न विचारता घराकडे वळली.

साई जागचा हलला नव्हता. "पण खाडी?"

"खाडी फोनवर होती," रमण म्हणाला.

"आणि मगर?"

"तीपण."

"शिलाई मशीन?"

"शिलाई मशीन खरी आहे. आजीकडे आहे. पण ती कधी घराबाहेर गेली नाही."

साईने मान खाली घातली. पाठीवरची बाटली एका बाजूला कलली. "मम्माला माहीत होतं?"

"मला लग्नातच कळलं," झाडाखालून प्रेमा म्हणाली. "यांची आईच म्हणाली, आमचा रमण विहिरीतसुद्धा वाकून बघत नाही, तेवढं सांभाळून घे."

"मग तो लाल पेन?" रमणने वळून विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही फ्रिजपाशीच सांगाल. तुम्ही दोरीच्या उड्या काढायला सांगितल्या."

उर्वी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. महिनाभरातलं तिचं पहिलं हसू होतं ते.

साई मात्र हसला नाही. दुसरी बाटली आली, अमीरुन्निसाने ती रमणच्या पाठीला करकचून बांधली, तरी तो नुसता बघत होता. एसी कंपनीचा सुपरवायझर, मिशा, दुमडलेली पँट आणि पाठीवर निळी बाटली. त्याला काय वाटत होतं ते कुणालाच कळेना. रमण छातीवरचं सुंभ उगाच चाचपत राहिला. त्याला वाटलं, आता हा म्हणेल, घरी चला.

"भीती वाटते?" साईने विचारलं.

"हो."

"खूप?"

"धक्क्यावरून पडलो होतो मी. तुझ्याएवढा होतो."

"हे तुम्ही फोनवर नाही सांगितलं."

"नाही सांगितलं."

साईने विचार केला. मग हात पुढे केला. "ओके. काउंट नको करायला. काउंट केलं की जास्त भीती वाटते."

आणि त्याने ओढलं.

पाणी बरंच बाहेर सांडलं. दोन निळ्या बाटल्या वर आल्या, त्यांच्याखाली दोन डोकी आली. एकाने भरपूर पाणी गिळलं होतं. तो साई नव्हता.

"पाय मार, पाय," काठावरून अमीरुन्निसा ओरडत होती. "तू न्हाय रं बाळा, तुझा बा."

फोन (या उन्हाळ्यातला, एकाच बाजूने ऐकू येणारा)

"हॅलो आजी. … हो, जेवलो. … मच्छी. … गरम आहे. आजी, ऐक ना. बाबांनी काल टाकी क्रॉस केली. … नाही, खूप मोठी. खाडीएवढी. … हो, आपले बाबा. … हसतेस काय? … मगर होती तिथे. … ओमानमध्ये असते. अर्बाबची होती. … नाही, चावली नाही. तिला पण पोहता येत नव्हतं. … मग बाबांनी तिच्या पाठीला बाटली बांधली. … मला नाही भीती वाटली. बाबांना थोडी वाटली. … … हो, आहे, आहे. … नाही आजी, पडणार कसे? मी हात धरला होता ना."