रुद्रप्पांचं भूत

“अप्पा, तुम्ही भूत आहात! सात रस्ता चौकात रिक्षाच्या सीटा भरत नाही आहात!”

काचेपलीकडून चंद्रिका ओरडली आणि स्टुडिओत हशा पिकला. माइकसमोर बसलेले रुद्रप्पाही हसले. जन्मभर सोलापुरात रिक्षा चालवलेली. आवाज खर्जातला, पण चढला की चौकभर जायचा.

कॉलेजच्या छोट्या रेडिओ केंद्रासाठी त्यांची लेक चंद्रिका जुन्या भूतकथांची नभोनाट्यं करत होती. भुताचं काम करणाऱ्या सरांचा ऐनवेळी घसा बसला, म्हणून तिनं वडिलांना धरून आणलं होतं. खरं तर रुद्रप्पा भुताला भयंकर भ्यायचे. अमावास्येला स्मशानाकडचं भाडं त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

वाक्य एकच होतं : ‘अगं, दार उघड. मी आलोय.’

दुसऱ्या वेळी ध्वनिपरिणाम सांभाळणाऱ्या महेश्वरनं गंजक्या बिजागरीचा आवाज काढला, तर रुद्रप्पाच खुर्चीतून उडाले.

“आरं, सांगून वाजीव की! जीव जाईल माझा!”

चंद्रिका आत आली. “अप्पा, कुणाला भिववायचं नाही. आपण मेलोय हे त्या माणसाला ठाऊकच नाही. दमून घरी आलाय, एवढंच.”

“मग बायको दार उघडती का न्हाय?”

“नाही. घाबरते. गोष्ट तशीच आहे.”

“लई वाईट,” रुद्रप्पा म्हणाले. त्यांनी कागद बाजूला ठेवला. माइककडं सरकले. मग हळूच म्हणाले, “नीला, बागला तगी. ना बंदेनी.”

घरात ते कानडीच बोलायचे. दार उघड, मी आलोय. त्यांच्या बायकोला, नीलम्माला जाऊन दोन वर्षं झाली होती.

“मराठीत परत घ्यायचं का?” महेश्वरनं विचारलं.

“नको,” चंद्रिका काचेकडं पाठ करून म्हणाली. “राहू दे.”

रविवारी संध्याकाळी अख्खी गल्ली शेजारच्या बाळाबाईच्या ओट्यावर जमली. फोनवर नाटक लागलं. रुद्रप्पा टॉवेल डोक्यावर ओढून बसले होते. वारा सुटला, कुत्रं रडलं, पावलं वाजली आणि त्यांचा आवाज आला. कुणीच किंचाळलं नाही.

आता बायको घाबरून ओरडणार, म्हणून रुद्रप्पांनी डोळे मिटले. पण फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला. दार उघडलं. नाटक संपलं.

रुद्रप्पांनी लेकीकडं पाहिलं. ती भलतीकडंच बघत होती.

“असल्या भुताला कोण भितंय?” बाळाबाई डोळे पुसत म्हणाली. “मी तर च्या टाकीन की!”

सगळे खो खो हसले. बाळाबाईनं खरंच चहा टाकला आणि पहिला कप भुताला दिला. रुद्रप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. फोनवर आता शेंगदाण्याचे बाजारभाव लागले होते. लोक उठून गेले, चहावर साय धरली, तरी रुद्रप्पा फोनकडं कान देऊन ऐकतच होते.