चाचणीची बाटली

उधन्याच्या त्या इस्पितळात एमआरआयचं मशीन अनुजाच्या हाती होतं, आणि सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी चाचणीची बाटली आत ठेवायची, हा तिचा नेम देवपूजेसारखा कधी चुकत नसे. बाटलीतलं द्रावण सगळीकडे सारखं, म्हणून पडद्यावर सपाट निळा रंगच उमटायला हवा. तो उमटला की समजायचं, हजारो मेंदू पाहून शिकलेला नवा प्रोग्रॅम आज ताळ्यावर आहे. मेंदूत कुठला रेणू कुठे किती, हे तो चहा निवायच्या आत रंगांत मांडून दाखवायचा.

एका सकाळी त्या निळ्यात डावीकडे तांबूस डाग दिसला. बुडबुडा असेल म्हणून तिनं बाटली हलवली, मग बदलली. पण डाग कसला हटतोय, उलट रोज थोडा पसरू लागला, आणि त्याच्याभोवती वळ्या उमटल्या, मेंदूला असतात तशा. तिचा सहकारी तुषार बाटली ठेवायचा तेव्हा मात्र पडदा निळाशार. तुमच्या हातालाच गुण नाही ताई, असं तो चिडवायचा.

अनुजाला हसू येत नसे. तिची आई अशीच डावं कानशील दाबून बसायची, डिंडोलीच्या वस्तीतल्या शेजारणी मीठमिरच्यांनी दृष्ट काढून जायच्या, आणि खरं दुखणं कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. दिवाळीपासून अनुजाचंही डावं कानशील ठणकत होतं. घरी तिनं चकार शब्द काढला नव्हता, पण तो डाग आपलाच आहे, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

शेवटी एका दुपारी पेशंट नसताना तिनं तुषारला सगळं सांगितलं. बाटली तिनं स्वतः कपाटात ठेवून कुलूप लावलं, मंगळसूत्र, पिना काढल्या आणि ती मशीनच्या टेबलावर आडवी झाली. मशीनची ठकठक सुरू झाली, थांबली. पण टेबल काही बाहेर सरकेना. डाग मोठा असणार, असं तिनं ओळखलं.

मग हेडफोनमधून तुषारचा आवाज आला, जरा वैतागलेला.

"ताई, सपाट निळंच येतंय. बाटली आत राहिली वाटतं."

"अरे, मी आहे आत."

त्याला ऐकू गेलं नसावं. दार उघडलं, टेबल बाहेर सरकलं. तुषार वाकला, आणि रोज बाटली उचलायच्या सवयीनं त्यानं तिला एका हातानं अलगद उचललं.