बटण दाबलेलं असताना

स्टुडिओत सगळे त्याला वायरमास्तर म्हणत. भिंतीवरच्या पट्टीत वायरी खोचायची दोनशे भोकं, आणि कुठला आवाज कुठून कुठे जातो ते त्याला तोंडपाठ. भोकांवर चिठ्ठ्या लावणं त्याला कमीपणाचं वाटे. "चिठ्ठ्या नवशिक्यांना," असं म्हणून तो मोकळा होई.

स्वतःच्या घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याची ताई स्टुडिओत आली. आवाज राहील की जाईल, डॉक्टर काही सांगत नव्हते. तिच्या लेकीला दिवस गेले होते. येणाऱ्या नातवंडासाठी एक अंगाई तेवढी जपून ठेवायची होती. मास्तरने चटाचट वायरी खोचल्या. ताई काचेपलीकडे, तो अलीकडे. त्याच्यापुढे छोटा माइक. बटण दाबून बोललं की तिच्या कानात ऐकू जाई.

"ताई, श्वास ऐकू येतोय. पुन्हा."

"अरे, मग श्वास घेऊच नको का?"

"घे, पण हळू घे!"

अकरा वेळा त्याने तिला मध्येच तोडलं. बाराव्यांदा मात्र ती अशी गायली की तो बटणाकडे फिरकलाच नाही. डोळे मिटून बसून राहिला.

ऑपरेशनमधून ताई वाचली, आवाज गेला. महिन्याभराने त्याने रेकॉर्डिंग लावलं तेव्हा त्याला चूक कळली. वायर शेजारच्या भोकात खोचली गेली होती. ताईच्या माइकऐवजी रेकॉर्डरकडे गेला होता त्याचाच माइक. त्या दिवशी तो ऐकत होता ते थेट तिच्या माइकवरून. रेकॉर्डरमध्ये काय उतरतंय हे त्याने एकदाही तपासलं नव्हतं.

बटण दाबलं की त्याचं खेकसणं, आणि त्यामागे, खोलीतल्या स्पीकरमधून येणारा ताईचा बारीक सूर. बटण सोडलं की काही नाही. बारावी अंगाई म्हणजे चार मिनिटांची नुसती शांतता.

लपवून काय उपयोग? त्याने ताईला बोलावलं, सगळं सांगितलं, ऐकवलं. "माझ्या शहाणपणाने घात केला गं," तो म्हणाला. ताईने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. अकरा वेळा त्याचं ओरडणं, अकरा वेळा तिची अर्धीमुर्धी ओळ. मग तिने वही ओढून लिहिलं:

"मेल्या, आणखी थोडा ओरडला असतास तर?"

आणि हसली. त्या हसण्यालाही आता आवाज नव्हता.