तीन हातांचे काका

दाताच्या दवाखान्यात काम करते म्हणून तिला सगळे दातवाली म्हणत. सात घरमालकांनी "लग्न झालंय का?" एवढंच विचारून दार लावून घेतलं होतं आणि शनिवारपर्यंत जुनी खोली सोडायची होती. म्हणून आठव्या घराच्या पायऱ्या ती लग्नाचा अल्बम काखोटीला मारूनच चढली. मागे तिचा फोटोवाला.

स्टुडिओत लोकांच्या सुरकुत्या पुसणाऱ्या या गड्याने दोन दुपारींत कॉम्प्युटरवरच दोघांचं लग्न लावून टाकलं होतं. शंभर पाहुणे, शिवाय रडणारी आई.

घरमालकीण पोस्टातून निवृत्त झालेली. तिने अल्बम शेवटपर्यंत पाहिला आणि चष्मा काढला.

"छान. पण मग नाही जमायचं."

"का हो काकू?"

"लग्न झालेली तीन जोडपी ठेवून बघितली. पहिल्यांनी खोलीच्या मधोमध भिंत मागितली. दुसऱ्यांनी दार फोडलं. तिसऱ्यांनी करार फाडून अर्धा अर्धा नेला. आता बिनलग्नाचीच ठेवते. जपून वागतात बिचारी."

"अहो, आमचं झालेलंच नाही! अल्बम खोटा आहे, यानेच केलाय."

"चल! इतकं सुबक काम खोटं असतं होय?"

फोटोवाल्याचा चेहरा फुलला. खरं सांगायचं सोडून तो नम्रपणे खाली बघू लागला. शनिवार गेला खड्ड्यात.

दातवालीने त्याला कोपर मारलं आणि स्वतःच पान उलटलं. "हे बघा. या काकांना तीन हात आहेत."

"तो मावशीचा हात आहे!"

"मावशी पुढच्या पानावर आहे! आणि माझे दात? बत्तीसच्या बत्तीस वरच्याच रांगेत? मला दाखवताना लाज नाही वाटली?"

"तुझे खरे लावले असते तर पाहुणे उठून गेले असते."

"असल्या माणसाशी लग्न कोण करेल!"

"मी तरी कुठे विचारलंय!"

घरमालकिणीने करार पुढे सरकवला.

"पटलं. करा सह्या."

"पण आम्ही तर भांडलो," दातवाली पुटपुटली.

"नवरा-बायको भांडताना दहा वर्षांपूर्वीचं उकरून काढतात. तुम्ही अजून समोरच्या पानावरच आहात."

शेवटचं कलम होतं: लग्न केल्यास महिन्याभरात खोली सोडावी. फोटोवाल्याचं पेन तिथे येऊन थबकलं.

"काकू, हे कलम... अगदी पक्कं आहे का?"

दातवालीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. "आधी सही कर."

पाय मात्र तिने काढला नाही.